‘छपरावरचा माणूस’ : एका पोलीसपटाचा उभा अक्ष

स्वीडिश चित्रपट म्हटला की आपल्याकडील समीक्षा बर्गमनपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. बर्गमनच्या चित्रदृष्टीला 1962 साली एका छोट्या पुस्तकातून आव्हान देणारा बो विडरबर्ग त्यामुळे तळटीपेत उरतो. त्याचा ‘एल्विरा मॅडिगन’ (1967) फिल्म सोसायट्यांच्या परिचयाचा असतो. 1976 चा ‘मानेन पो ताकेत’, म्हणजे ‘छपरावरचा माणूस’, मात्र सहसा चर्चेत येत नाही. गोळीबार, कोसळणारे हेलिकॉप्टर आणि तपास करणारा पोलीस एवढी सामग्री दिसली की कृतीला ‘रंजनपर’ या कप्प्यात टाकण्याची आपली सवय त्यामागे असावी. या चित्रपटाच्या बाबतीत ही सवय फसवी ठरते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

चित्रपटाचा आधार माय शोवाल आणि पेर वालो या जोडीची 1971 मधील कादंबरी. मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याभोवती 1965 ते 1975 या काळात त्यांनी दहा कादंबऱ्या लिहिल्या, प्रत्येकी तीस प्रकरणांच्या, आणि संपूर्ण मालेला उपशीर्षक दिले ‘एका गुन्ह्याची कादंबरी’. हा एक गुन्हा कोणता? डाव्या विचारांच्या या लेखकद्वयाच्या मते तो कल्याणकारी राज्याने स्वतःच्या नागरिकांशी केलेला होता. मालेच्या आरंभाचे वर्ष येथे लक्षात घ्यावयास हवे. 1965 मध्येच स्वीडनमधील नगरपालिकांच्या अखत्यारीतील पोलीसदल राष्ट्रीय झाले. गावच्या पोलिसाच्या जागी केंद्राकडून चालणारी यंत्रणा आली, आणि ही माला त्या यंत्रणेच्या पहिल्या दशकाची समांतर बखर बनली.

कथानक थोडक्यात असे : न्यूमन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचा रुग्णालयात बेयॉनेटने निर्घृण खून होतो. बेक आणि त्याचे सहकारी कारण शोधू लागतात. पण हा शोध पावलांच्या ठशांचा वा रक्ताच्या डागांचा राहत नाही, तो कागदांचा होतो. न्यूमनच्या क्रौर्याविरुद्ध नागरिकांनी केलेल्या तक्रारींचा ढीग ते वाचत बसतात. 1809 च्या राज्यघटनेने निर्माण केलेले लोकपालाचे पद ज्या देशाने जगाला दिले, त्या देशात प्रत्येक तक्रार रीतसर नोंदली गेली होती आणि रीतसर निकालात निघाली होती. साक्षीला पोलीसच होते! तक्रारदारांत एरिक्सन नावाचा माजी पोलीसही असतो. त्याची मधुमेही पत्नी दारू प्यायल्याचे समजून कोठडीत टाकली गेली आणि उपचारावाचून मेली. हाच एरिक्सन पुढे स्टॉकहोममधील एका इमारतीच्या छपरावर बंदुका घेऊन चढतो व खालच्या रस्त्यावरील पोलिसांना टिपू लागतो.

चित्रपटाचा पूर्वार्ध विलक्षण मंद आहे. थकलेली माणसे, पेंगणारे डोळे, फाईली. ही मंदगती अनेकांना दोष वाटेल. परंतु तिच्यावाचून उत्तरार्धातील गोळीबाराचा अर्थ लागत नाही. कागदावर जे ऐकले गेले नाही, ते आता साऱ्या शहराला ऐकावे लागते.

बर्गमनवर विडरबर्गचा आक्षेप होता तो त्याच्या ‘उभ्या’ चित्रपटांबद्दल. माणूस आणि ईश्वर यांच्यातील अक्षाऐवजी माणूस आणि माणूस यांच्यातील आडवा अक्ष त्याला हवा होता. त्याच दिग्दर्शकाने चौदा वर्षांनी अक्षरशः उभ्या रचनेचा चित्रपट करावा, हा योगायोग मानून सोडून देण्याजोगा नाही. वर आता ईश्वर नाही, फेटाळलेल्या तक्रारीचा अर्जदार आहे. खाली राज्यसंस्था आहे आणि कधी नव्हे ती मान वर करून पाहते आहे. ‘ओडालेन 31’ (1969) मध्ये 1931 साली संपकऱ्यांवर झालेला लष्करी गोळीबार दाखवणाऱ्या विडरबर्गने येथे बंदुकीची दिशा उलटवली आहे, असे म्हणता येईल.

आणि बेक? रूढ पोलीसपटात नायकाचा दोष म्हणजे दारू, संताप किंवा मोडलेला संसार; तो दोष त्याच्या पराक्रमाला गहिरेपणा देतो. या मालेतील बेकलाही पोटाचे दुखणे आणि विस्कटलेले घर आहे. परंतु त्याचा खरा दोष व्यक्तिगत नाही. तो त्याच दलाचा मनुष्य आहे ज्याने न्यूमनला वर्षानुवर्षे सांभाळून घेतले. सहकारी कोलबर्ग तर सैन्यात न्यूमनच्या हाताखाली होता. सर्वांना ठाऊक होते. म्हणून बेक एकटाच बाल्कन्यांवरून वर चढू लागतो तेव्हा त्या चढण्यात शौर्यापेक्षा उशिरा फेडू पाहिलेले ऋण अधिक दिसते. गोळी लागून तो मध्येच लोंबकळतो. नायकाचे आरोहण हा या प्रकारातील सर्वांत लाडका संकेत. विडरबर्ग तो अर्ध्यावर मोडतो. विनोदी नट म्हणून ख्याती असलेल्या कार्ल-गुस्ताफ लिंडस्टेडला ही भूमिका देण्यातही हीच दृष्टी असावी. त्याच्या जड शरीराला ते चढणे शोभत नाही, आणि शोभू नये हेच योग्य.

मराठी वाचकाला येथे ‘अर्धसत्य’ (1983) आठवेल. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या पटकथेतही कोठडीतला मृत्यू आहे. तथापि तेथे हिंसेचे मूळ वेलणकरच्या घरात, मारकुट्या पित्यापर्यंत नेले जाते. व्यवस्था असते, पण ती नायकाच्या मनातून दिसते. विडरबर्ग न्यूमनला बालपण देत नाही. त्याला निवृत्तीच्या दिशेने सुखाने चाललेली नोकरी देतो. दोहोंत श्रेष्ठ कोण हा प्रश्न मला गौण वाटतो. मात्र मनोविश्लेषणाचा आधार सुटला की पोलीसपट किती निष्ठुर होऊ शकतो, हे स्वीडिश चित्रपटातच कळते.

एक उणीव नोंदवली पाहिजे. कोठडीत मेलेली स्त्री येथे केवळ पुरुषाच्या सूडाचे निमित्त म्हणून येते. तिचा स्वतःचा आवाज कोणत्याही फाईलमध्ये नाही, कॅमेऱ्यातही नाही. शेवटी एरिक्सन जखमी अवस्थेत जिवंत पकडला जातो आणि चित्रपट तेथेच तुटतो. त्याच्या तक्रारीचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही.