श्रीलंकेत पेट्रोल क्यूआर कोडवर का मिळत होतं? टुकटुक, डॉलर आणि आपलं वाळूज

पिशोरच्या स्टँडवरची रिक्षा आणि कोलंबोच्या रस्त्यावरची 'टुकटुक' शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर रंग सोडून फारसा फरक सापडणार नाही. कारण सरळ आहे. श्रीलंकेतल्या बहुतेक टुकटुक बजाजच्या आहेत, आणि बजाज आपल्या तीनचाकी बनवते ती आपल्याच जिल्ह्यात, वाळूजला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांत कन्नड तालुक्यातली कितीतरी पोरं कामाला आहेत.

श्रीलंकेत ११ लाखांहून जास्त तीनचाकींची नोंदणी झालेली आहे. पण २०२२ मध्ये तिथे अशी वेळ आली की रिक्षावाल्याला आठवड्याला मोजून ५ लिटर पेट्रोल मिळायचं, तेही मोबाईलवरचा क्यूआर कोड दाखवून. हे का झालं आणि ती सिस्टीम कशी चालायची, ते समजून घेऊ.

श्रीलंका स्वतः गाड्या का बनवत नाही?

अगदीच बनवत नाही असं नाही. लंका अशोक लेलँड ही कंपनी १९८२ पासून तिथे बस आणि ट्रकची जुळणी करते. महिंद्राने २०१९ मध्ये वेलिपेन्ना इथे स्थानिक भागीदारासोबत केयूव्ही १०० जोडायला सुरुवात केली. पण ही 'असेंब्ली' आहे. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स असे मुख्य भाग बाहेरून येतात आणि तिथे गाडी जोडली जाते.

पूर्ण गाडी बनवणं परवडत नाही, कारण बाजारच लहान. श्रीलंकेची लोकसंख्या साधारण सव्वादोन कोटी आणि आकार महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढा. समजा, एका मॉडेलच्या साच्यांना आणि मशिनरीला १०० कोटी रुपये लागले. १० लाख गाड्या खपल्या, तर एका गाडीवर १,००० रुपयांचा बोजा पडतो. १० हजारच खपल्या, तर तोच बोजा १ लाख होतो. मग आयात केलेली गाडीच स्वस्त पडते.

एका बाबतीत मात्र श्रीलंका जगाला माल पुरवते, ती म्हणजे टायर. तिथे रबराचे मळे आहेत आणि फोर्कलिफ्टसारख्या मशीनना लागणारे भरीव टायर तिथून जगभर जातात. आपल्याकडची सिएट कंपनीसुद्धा तिथे टायर बनवते.

बाहेरून काय येतं?

श्रीलंकेत आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालते. जपानमध्येही तसंच आहे. म्हणून जपानच्या उजव्या स्टिअरिंगच्या वापरलेल्या कार तिथे काही बदल न करता चालतात. दुचाकी आणि तीनचाकी मुख्यतः भारतातून जातात.

पण बंदरात उतरलेली गाडी घरी येईपर्यंत किंमत बरीच फुगते. आधी सीमाशुल्क, त्यावर अधिभार, मग इंजिनप्रमाणे उत्पादन शुल्क, आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के व्हॅट. म्हणजे करावर पुन्हा कर. सरकारला यात दोन फायदे दिसतात: तिजोरी भरते आणि गाड्या कमी आल्यामुळे डॉलर वाचतात.

डॉलर संपले, तेव्हा काय झालं?

गाडी असो की पेट्रोल, पैसे डॉलरमध्येच द्यावे लागतात. श्रीलंकेकडे डॉलर येतात ते पर्यटन, चहा, कपड्यांची निर्यात आणि परदेशात काम करणाऱ्या लोकांकडून. कोविडमध्ये पर्यटन ठप्प झालं. मार्च २०२० मध्ये सरकारने गाड्यांची आयात थांबवली. नवीन गाडी मिळेना, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव वाढत गेले.

तरी डॉलरची गळती थांबली नाही. १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या १७७ रुपयांना मिळणारं एक लिटर पेट्रोल जून २०२२ च्या शेवटी ४७० रुपयांवर गेलं. आणि तेवढे पैसे देऊनही पंपावर दिवसच्या दिवस रांग.

क्यूआर कोडची सिस्टीम कशी चालायची?

जुलै २०२२ मध्ये 'नॅशनल फ्युएल पास' आला.

१. वेबसाईटवर ओळखपत्राचा नंबर, गाडीचा नंबर, चासी नंबर आणि मोबाईल नंबर भरायचा.
२. माहिती मोटार वाहतूक विभागाच्या नोंदीशी जुळली की त्या गाडीचा क्यूआर कोड मिळायचा.
३. पंपावरचा माणूस तो स्कॅन करायचा आणि त्याला त्या आठवड्याचा उरलेला कोटा दिसायचा.
४. जेवढं पेट्रोल टाकलं, तेवढं कोट्यातून वजा.

सुरुवातीचा आठवड्याचा कोटा असा होता: मोटारसायकल ४ लिटर, तीनचाकी ५ लिटर, कार २० लिटर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. क्यूआर कोडमध्ये कोटा साठवलेला नसतो. तो फक्त गाडीची ओळख सांगतो, खरा हिशोब सर्व्हरवर असतो. म्हणून कोडचा स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवला तरी पेट्रोल ५ लिटरच. आणि म्हणूनच कोड कागदावर छापून नेला तरी चालायचं, स्मार्टफोन असलाच पाहिजे असं नव्हतं.

या सिस्टीममुळे रांगा कमी झाल्या, पण पेट्रोल वाढलं नाही. लिटरला २५ किलोमीटर धरले तर ५ लिटरमध्ये १२५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला १८ सुद्धा नाहीत. ज्याचं घर टुकटुकवर चालतं, त्याने एवढ्यात काय कमवायचं? घरच्या कारला २० लिटर आणि धंद्याच्या रिक्षाला ५, यावरून नाराजी होणारच. पुढे कोटा टप्प्याटप्प्याने वाढवला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून क्यूआरची अट काढून टाकली. खासगी गाड्यांची आयात मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये जाऊन पुन्हा सुरू झाली.

यात आपला काय संबंध?

श्रीलंका ही बजाजच्या तीनचाकींची जुनी आणि मोठी परदेशी बाजारपेठ. तिकडे आयात बंद झाली की इकडच्या कारखान्याला तेवढा माल दुसऱ्या देशात खपवावा लागतो. तसं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर आधी ओव्हरटाईम जातो आणि मग कंत्राटी पोरांचं काम. वाळूजला नोकरी शोधत असाल, तर कंपनीचा माल कोणत्या देशात जातो, हे एकदा गुगल करून बघा.

दुसरं म्हणजे, गाड्या आपण बनवत असलो तरी लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच आणतो, आणि तेही मुख्यतः डॉलर मोजून. पिशोरच्या स्टँडवरची रिक्षा आपल्या जिल्ह्यात बनलेली असेल, पण तिच्या टाकीतलं पेट्रोल बहुतेक वेळा समुद्र ओलांडूनच आलेलं असतं.