फाटक आलं की पॉज करा

हा भाग तुम्ही बहुतेक इअरफोन लावूनच ऐकताय, म्हणून सांगतो. २६ एप्रिल २०१८, उत्तर प्रदेशातलं कुशीनगर. बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर ट्रेनने शाळेची व्हॅन उडवली. १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं.

खरं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ स्पष्ट आहे: अशा ठिकाणी गाडी थांबवा, कुणीतरी उतरून रुळापर्यंत चालत जा, दोन्हीकडे बघा, मगच पुढे जा. कायदा होता, पण उतरणारे किती? शेवटी जानेवारी २०१९ पर्यंत रेल्वेने ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंगच संपवली. कुठे फाटकवाला आला, कुठे भुयारी रस्ता.

म्हणजे युजर बदलेना, म्हणून सिस्टीम बदलली. पण बंद फाटकाखालून बाईक घालणारा युजर अजून तोच आहे. त्यामुळे फाटक दिसलं की आधी मला पॉज करा.