हातगाडीतले कार्यालय

“शेकडो जीव याच्या शब्दावर? गुरुजी, झेपेल का हो याला?” पेढे हातावर ठेवताना विद्यार्थ्याची आई म्हणाली. पोरगा हवाई वाहतूक नियंत्रकाच्या प्रशिक्षणासाठी प्रयागराजला निघाला होता. मी तिला आर्ची लीगची हकिकत सांगितली.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या विमानतळावर 1929 साली हा वैमानिक नियंत्रक म्हणून उभा राहिला. या पेशातला पहिला माणूस म्हणून त्याचेच नाव घेतात. मनोरा नव्हता, रेडिओ नव्हता. सारे कार्यालय एका हातगाडीत मावे: मोठी छत्री, घडीची खुर्ची, पाणी, जेवण, वही आणि दोन निशाणे. चौकडीचे दिसले की वैमानिकाने निघावे, तांबडे दिसले की थांबावे. हिवाळ्यात जाडजूड कपडे चढवून तो तसाच उभा राही.

पुढे त्याने विमानविद्येची पदवी घेतली. (मी मॅट्रिकवरच थांबलेला, मला त्याचेच अप्रूप फार!) 1937 साली तो केंद्र सरकारच्या सेवेत शिरला आणि 1973 साली निवृत्त झाला, तो देशाच्या हवाई वाहतूक सेवेचा संचालक म्हणून.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. निघायच्या दिवशी पोराच्या सामानात त्यांनी एक छत्री घातली.