कॅलिफोर्नियातील १९१० ची गव्हर्नरपदाची निवडणूक : लोकसत्तेचा विस्तार आणि मर्यादा

प्रस्तावना :
भारतात राज्यपालाची नियुक्ती होते. अमेरिकेत मात्र घटकराज्याचा गव्हर्नर जनतेकडून निवडला जातो. त्यामुळे तेथील गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतून त्या राज्याच्या राजकीय जीवनाचे स्वरूप स्पष्ट होते. या दृष्टीने कॅलिफोर्नियातील १९१० ची निवडणूक अभ्यासनीय ठरते.

पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे राज्याच्या राजकारणावर वर्चस्व होते. पक्षांच्या अधिवेशनांत उमेदवार ठरविताना कंपनीचा शब्द प्रमाण मानला जाई. या वर्चस्वाविरुद्ध १९०७ मध्ये रिपब्लिकन पक्षातील सुधारणावाद्यांनी लिंकन-रुझवेल्ट लीग स्थापन केली. १९०९ च्या कायद्याने उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्षाच्या मतदारांकडे आला.

निवडणूक आणि सुधारणा :
सॅन फ्रान्सिस्को येथील भ्रष्टाचार खटल्यात सरकारी वकील म्हणून गाजलेले हायरम जॉन्सन हे लीगचे उमेदवार होते. रेल्वेला राजकारणातून हद्दपार करणे, हाच त्यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. त्यांनी मोटारीने राज्यभर दौरा केला. डेमोक्रॅटिक पक्षाचे थिओडोर बेल व समाजवादी पक्षाचे जे. स्टिट विल्सन यांचा त्यांनी पराभव केला. मात्र निम्म्याहून अधिक मते त्यांना मिळाली नाहीत. १० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांनी जनोपक्रम, सार्वमत व प्रत्यावाहन हे अधिकार मंजूर केले. स्त्रियांचा मताधिकारही अवघ्या ३,५८७ मतांच्या आधिक्याने संमत झाला.

मर्यादा :
याच जॉन्सन यांनी १९१३ मध्ये परकीयांच्या जमिनीविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्यांना शेतजमिनीची मालकी त्याद्वारे नाकारण्यात आली. त्याचा रोख प्रामुख्याने जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही नागरिकत्वास अपात्र ठरविले. परिणामी कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकरीही या कायद्याच्या कक्षेत आले. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

निष्कर्ष :
२००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना प्रत्यावाहनाद्वारे पदच्युत करण्यात आले. १९११ च्या सुधारणा दीर्घकाळ प्रभावी राहिल्याचे यावरून दिसते. तथापि, ज्या लोकांच्या हाती सत्ता द्यावयाची त्या 'लोकां'मध्ये कोणाचा समावेश होतो, या प्रश्नाचे उत्तर सुधारणावाद्यांनी संकुचितपणे दिले. मक्तेदारीविरुद्धचा लढा जिंकला, म्हणजे समतेचा लढा जिंकला असे होत नाही, हाच या निवडणुकीचा धडा होय.