अंगणात आलेली शाळा

“पालकसभेला कोणी येत नाही हो!” ही तक्रार खेड्यातील शिक्षकांच्या तोंडून मी नेहमी ऐकतो. पोरांबरोबर निरोप धाडले, सतरंज्या अंथरल्या, फळ्यावर सुस्वागतम् लिहिले. आणि आले कोण, तर सरपंच आणि दोन म्हाताऱ्या. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले. इथल्या पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आज सांगणार आहे ती हकीकत सुमारे ऐंशी वर्षांपूर्वीची आहे. ती वाचून झाली म्हणजे हे उत्तर पुन्हा एकदा तपासून पाहा.

त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. १९४५ साली ताराबाई मोडक तेथे बालशिक्षणाचे केंद्र काढण्यासाठी आल्या. वय त्रेपन्न. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालमंदिराचे काम केले होते आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली तीही या दोघांच्याच पुढाकाराने. शहरातील बालमंदिर कसे चालवावे हे त्यांना शिकविण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. परंतु मॉन्टेसोरी पद्धतीचे ते गुळगुळीत लाकडी ठोकळे आणि मनोरे खेड्याच्या ऐपतीबाहेरचे होते, हे त्या जाणून होत्या. त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या.

गावात बालवाडी सुरू झाली. काही मुले आली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. आता बघा, तुमच्या-आमच्या तोंडी इथेच ते ठरलेले उत्तर आले असते. ताराबाईंनी मात्र त्या घरांचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो याचा विचार केला. आई सकाळीच कामाला बाहेर पडणार. मग पोराला न्हाऊ-माखू घालून, धड कपडे चढवून, वेळेवर गावच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवायचे कोणी? थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड. आणि शिवाशिवीचा धाक होताच. साल १९४५ होते, हे विसरून चालणार नाही. ताराबाईंनी ठरविले की मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे. बालवाडी उठली आणि वस्तीतल्या अंगणात जाऊन बसली. तीच अंगणवाडी.

या एका हालचालीने काय साधले ते नीट ध्यानात घ्या. शाळा अंगणात भरली की ती आईच्या डोळ्यांसमोर भरते. अंगण झाडायचे, पोरांची तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे, इथूनच शिकण्याला आरंभ. ठोकळ्यांच्या जागी खडे, शिंपले, चिंचोके, झाडांची पाने. ही सामग्री पुरवायला घरातली आजीसुद्धा समर्थ असते! भारी लाकडी साहित्याला हात लावताना जी बिचकेल, तीच चिंचोके मोजताना नातवाच्या शेजारी बसेल. पालकांचा सहभाग म्हणून आपण ज्याला म्हणतो, त्यासाठी इथे वेगळी सभा भरविण्याची गरज पडत नाही.

१९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी १९४५ मध्येच लढा उभारला होता; बाहेरून येणाऱ्या शहाण्या माणसांवर त्यांनी एकदम विश्वास टाकावा असे काही घडलेले नव्हते. इथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. बहिणीने कडेवरचे तान्हे पाळण्यात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. विकासवाडी ती हीच. माझ्या मते, मुलींची गळती का होते यावर लिहिलेल्या जाडजूड अहवालांपेक्षा तो पाळणा अधिक शहाणा होता.

राहिली गुरे राखणारी पोरे. त्यांना शाळेत बसवावे तर गुरांमागे जाणार कोण? बापाने पोराला धाडले नाही यात बापाचा दोष किती, आणि घरच्या अडचणीचा किती? तेव्हा शिक्षकच कुरणावर जाऊ लागले. गुरे चरत आहेत, झाडाखाली वर्ग चालला आहे, मधूनच एखादे वासरू बांधापलीकडे गेले की एक विद्यार्थी धावतो आणि परत येऊन बसतो. हिला नाव पडले कुरणशाळा.

ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत ती टेकडी सांभाळली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, अंगण मात्र सगळीकडे गेले असे म्हणवत नाही. तीच गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरविले, ही मोठीच गोष्ट. पण भरदुपारी, कापणीच्या हंगामात सभा बोलावली तर त्या पालकांची फक्त सही मिळेल, आणि तीही दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आणावी लागेल.

कोसबाडची पद्धत जिथे पुढे चालली, तिथे जागा बदलली एवढेच. १९९० नंतरच्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची तात्पुरती झोपडी. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून शाळाही तशाच एका भोंग्यात भरे. आईबाप पलीकडे विटा पाडीत असत, आणि पाढ्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचे.