न आलेल्या उत्तराचा अभ्यास

पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यात कोणती मूर्ती, किती फुटांची, कोणाची, ही यादी कारखान्यातल्याच कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये ठेवता येते. ती उघडली नाही, तर कॉम्प्युटर कारण सांगतो: फाइल सापडत नाही, परवानगी नाही, डिस्क भरली आहे. पण त्याच मूर्तीची आगाऊ रक्कम गिऱ्हाईक फोनवरून पाठवते आणि पडद्यावर नुसते ‘पेंडिंग’ दिसत राहते. त्याच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, कारखानदाराकडे आलेले नसतात. पुन्हा पाठवावेत की थांबावे, हे दोघांनाही कळत नाही. पेण-रोह्याकडच्या ज्या विद्यार्थ्यांना या न कळण्याचे कुतूहल वाटते, त्यांचे नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासात मनापासून स्वागत.

फाइल जवळ असते आणि सर्व्हर लांब, म्हणून नेटवर्क बेभरवशाचे, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो आधी बाजूला ठेवू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पेण ते रोहा हे पन्नास किलोमीटरच्या आतले अंतर तो पाव मिलिसेकंदात संपवतो. जुन्या फिरत्या डिस्कला नुसती योग्य जागा शोधायलाच कित्येक मिलिसेकंद लागतात.

खरा फरक कोण कोणाबरोबर बंद पडते, यात आहे. फाइल वाचणारा प्रोग्रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क एकाच पेटीत असतात. वीज गेली की विचारणारा आणि उत्तर देणारा एकदमच थांबतात. मागे कोड्यात पडायला कोणी उरत नाही. नेटवर्कवर विचारणारा जिवंत असतो आणि समोरून काहीच येत नाही. विनंती वाटेत हरवली असेल, सर्व्हर बंद असेल, तो नुसता हळू चालत असेल किंवा त्याने काम पूर्ण केले असेल आणि फक्त उत्तर हरवले असेल. चारही गोष्टी विचारणाऱ्याला अगदी सारख्या दिसतात. टाइमआउट यातली कोणती घडली ते सांगत नाही. आपण किती वेळ थांबलो, एवढेच सांगतो. गावोगावी आपण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो, तेव्हा बहुधा या चारांपैकी काय झाले ते कोणालाच ठाऊक नसते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यात वीज व मोबाइल सेवा कोलमडली. तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांना न लागणाऱ्या फोनवरून घर पडले की नुसता टॉवर, हे समजायला मार्ग नव्हता.

‘नेटवर्कवर मजकूर तुकड्यांत (पॅकेटांत) पोचवणारा टीसीपी हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवतो ना?’ हा प्रश्न हमखास येतो. पाठवतो. पण त्याची पोच म्हणजे पलीकडच्या यंत्राला मजकूर मिळाल्याची पोच. त्या मजकुराचे पुढे काय झाले, हे पलीकडच्या प्रोग्रॅमनेच सांगावे लागते. संगणकशास्त्रज्ञ सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात हा मुद्दा इतक्या नेमकेपणाने मांडला आहे की तो निबंध प्रत्येकाने मुळातून वाचावा.

नेटवर्कला फाइलचा वेश देण्याचे प्रयत्नही झाले. सन मायक्रोसिस्टिम्सच्या १९८४ च्या ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’मध्ये (एनएफएस) दूरची फाइल घरच्यासारखीच उघडते. सर्व्हर गप्प झाला की मात्र प्रोग्रॅमने कायम वाट पाहत अडकून राहायचे किंवा जी चूक त्याने कधी अपेक्षिलीच नव्हती ती स्वीकारायची, एवढेच पर्याय उरतात. त्याच कंपनीतल्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लिहिले की हा वेशच मुळात चुकीचा आहे. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते.

फाइल अगदी निर्दोष आहे असेही नाही. ‘लिहिले’ असे उत्तर आले तरी मजकूर अजून मेमरीतच असू शकतो, आणि तेवढ्यात वीज गेली तर तो जातो. पण तिथे निदान तो डिस्कवर उतरवून घे, असे बजावण्याची सोय असते.

नेटवर्कवर अशी पूर्ण खात्री मिळूच शकत नाही. संदेश हरवू शकत असतील, तर कितीही पोचपावत्या दिल्या-घेतल्या तरी दोन्ही टोकांची एकमेकांबद्दल खात्री होत नाही, हे १९७५ मध्येच दाखवले गेले. पुढे ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून ते प्रसिद्ध झाले. मग काम कसे चालते, हे रोह्याला पाहावे. मध्य रेल्वे जिथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, ते हे स्टेशन. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ आल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही. उत्तर आले नाही, म्हणजे मार्ग मोकळा, असा अर्थ रेल्वेत कोणी काढत नाही. संपर्काची सारी साधने तुटली, तर काय करायचे याचेही नियम आधीच लिहिलेले असतात. एकेरी मार्गावर संपर्क जोडायला इंजिन सावकाश पाठवणे, हा त्यातलाच एक.

पैशांच्या व्यवहारातही तसेच झाले आहे. प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक असतो, म्हणून तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती ओळखू शकतो आणि पैसे दोनदा कापत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत; उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. गोंधळ होणारच हे गृहीत धरून त्याला मुदत घालणारा हा नियम मला या विषयातल्या कुठल्याही सिद्धांताइतकाच मोलाचा वाटतो.

या अभ्यासाच्या पहिल्या प्रकरणासाठी दोन कॉम्प्युटर आणि एक केबल पुरेल. एका टोकाने शंभर रुपये जमा करण्याची विनंती पाठवावी, दुसऱ्याने ती नोंदवून, दहा सेकंद थांबून उत्तर द्यावे, एवढा प्रोग्रॅम लिहा. नोंद झाली की उत्तर निघण्याआधी केबल काढा. मग दोन्हीकडचा हिशेब शेजारी शेजारी मांडा आणि विनंती पुन्हा पाठवावी की नाही, हे फक्त पहिल्या यंत्रावरच्या माहितीवरून ठरवून पाहा.