लोणारचे विवर आणि बुद्धीची मशागत

बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर कसे निर्माण झाले, या प्रश्नाचे ‘उल्कापाताने’ हे एका शब्दाचे उत्तर विद्यार्थी पाठ करतात. मात्र संशोधक त्या उत्तरापर्यंत कसे पोहोचले, हे समजून घेतल्यास स्मरण, अध्ययन आणि प्रश्नांची उकल या तिन्हींचा सराव एकत्र घडतो.

स्मरण : सुट्या माहितीपेक्षा अर्थाने जोडलेली माहिती मनात अधिक टिकते. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात लवणासुराचा वध केला, ही कथा लोणारमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ‘लवण’ म्हणजे मीठ. त्यामुळे कथा आठवताच गावाचे नाव आणि सरोवराचे खारे पाणीही आठवते.

अध्ययन : शिकलेले सुरुवातीला वेगाने व नंतर हळूहळू विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले. मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तो आठवल्यास काही दिवसांनंतरही अधिक लक्षात राहतो, असे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत आढळले.

उकल : लोणारचा परिसर लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा असल्याने विवर ज्वालामुखीचे असावे, हा तर्क स्वाभाविक होता. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या विवराशी त्याचे साम्य भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्येच नोंदविले होते. अ‍ॅरिझोनात त्यांनी चुंबकीय मोजणी केली. परंतु जमिनीखाली लोखंडाचा मोठा गोळा न आढळल्याने ते विवर वाफेच्या स्फोटाचे ठरविले. मोजणीत चूक नव्हती, गृहीतक चुकीचे होते. अशा आघातात आदळणाऱ्या पिंडाचा बहुतांश भाग वितळून वा वाफ होऊन जातो.

लोणारमध्ये मग पिंडाऐवजी आघाताच्या खुणा शोधण्यात आल्या. तेथील खडकांत मॅस्केलिनाइट ही काच सापडल्याचे कुर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्वालामुखीत निर्माण होत नाही इतक्या प्रचंड दाबानेच ही काच तयार होते.

विवराचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दाखविले. केवळ आकडा पाठ करणाऱ्याला हा बदल गोंधळात टाकतो. मोजण्याची पद्धत जाणणाऱ्याला नाही.

सरावासाठी हा मजकूर बाजूला ठेवावा आणि गिल्बर्ट यांचे गृहीतक कुठे चुकले, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. उद्या आणि आठवडाभराने तेच पुन्हा, न पाहता लिहावे.